राजाच्या दारातलं घंगाळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा राजे आपल्या वाड्याचे दार स्वतः उघडत.

अशाच एका राजाचा वाडा टेकडीवर होता आणि टेकडीखाली, दलदलीत, एक गाव होते. पहिले पाऊल टाकले की घोट्यापर्यंत चिखल, दुसरे टाकले की पोटरीपर्यंत, आणि तिसरे टाकेपर्यंत पायातली वहाण कायमची गायब.

राजाचा नियम एकच होता आणि तो दारावर कोरलेला होता: चिखलाचा पाय आत येऊ नये. नियम चांगला होता. वाड्यातल्या जमिनीवर तान्ही बाळे रांगत. तिथे चिखल कुणाला हवा?

पण वाड्याकडे जाणारी वाट चिखलातूनच जाई. दरवर्षी राजा दवंडी पिटून सगळ्यांना जेवायला बोलवी. दरवर्षी गाव पाय घासून निघे, अर्ध्या वाटेवर आपापले पाय बघे आणि लाजून माघारी फिरे. दारापर्यंत कुणी गेलेच नव्हते. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्ही म्हणाल, एकदा जाऊन विचारायचे तरी! मलाही तेच म्हणायचे आहे.

न विचारण्याचे एक कारण होते निर्मळराव. हा गृहस्थ दिवसभर आपल्या ओट्यावर मांडी घालून बसे. त्याचे तळवे लोण्यासारखे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो थांबवी आणि म्हणे, "पाय दाखव." मग नाक मुरडून म्हणे, "या पायांनी राजाकडे जाणार?"

एकदा शेजाऱ्याची म्हैस दलदलीत रुतली. शेजारी ओरडला, "निर्मळराव, दोरीला हात लावा हो!"

"मला येता येणार नाही," निर्मळराव ओट्यावरून म्हणाला, "पण सांगतो ना मी. डावीकडून ओढ. अरे, तुझ्या डावीकडून नाही, म्हशीच्या!"

शेवटी त्याची बायको पदर खोचून उतरली. म्हैस निघाली. बायको परत आली तेव्हा निर्मळरावाने तिला पायरीवरच अडवले.

"अगं, पाय बघ स्वतःचे!"

"बघितले," बायको म्हणाली. "आणि म्हैसही बघितली. वाचली ती."

त्या वर्षी दलदलीचे पाणी वाढू लागले. आधी गोठे बुडाले, मग चुली. राजाची दवंडी आली, पण या वेळी जेवायचे बोलावणे नव्हते. "गाव बुडतंय. सगळे माझ्याकडे राहायला या. सूर्य मावळला की दार बंद होईल. त्यानंतर पाणी वाटही गिळेल."

गावात रडारड झाली. जावे तर पाय चिखलाचे, राहावे तर पाणी छातीशी.

निर्मळरावाने मात्र तयारी करून ठेवली होती. त्याने दोन उंच बांबू आणले, त्यांना पाय ठेवायला खुंट्या ठोकल्या आणि वर चढून उभा राहिला.

"हे काय?" बायकोने विचारले.

"मी चिखलाच्या वरून जाणार. तू?"

"मी चालत."

"हाकलतील तुला दारातून!"

"हाकलू देत. इथं बुडण्यापेक्षा तिथं जाऊन हाकललेली बरी." आणि ती निघाली. तिच्यामागे सगळे गाव निघाले. पाय बघायचे नाहीत, असे त्यांनी पहिल्यांदाच ठरवले होते.

निर्मळराव सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडत होता, "काय ते पाय! काय ती लाज!" पण बांबू प्रत्येक पावलाला रुतत. उपसून काढला की फचकन चिखल उडे. थोड्याच वेळात गाव पुढे गेले आणि तो एकटा मागे राहिला.

एक बगळा त्याच्या बांबूशेजारी येऊन उभा राहिला. त्याने वरपर्यंत नजर नेली आणि अदबीने विचारले, "कुठल्या तळ्याचे आपण?"

"मी माणूस आहे!"

"असं होय," बगळा म्हणाला. "मग माशांशिवाय एवढा त्रास कशाला?"

इकडे गाव दारापाशी पोचले आणि जागच्या जागी थबकले. उंबऱ्याबाहेर पाटावर एक माणूस बसला होता. पुढ्यात घंगाळ, हातात तांब्या, खांद्यावर उपरणे. तो राजा होता.

सगळ्यांत पुढे निर्मळरावाची बायको होती. राजाने तिचे पाऊल हातात घेताच तिने ते मागे ओढले. "महाराज, तुम्ही नको! शोभत नाही ते."

"नियम कुणी केला?" राजाने विचारले.

"तुम्ही."

"आणि तुमची वाट कुठून येते, हे मला ठाऊक नव्हतं? नियम माझा आहे. तो पाळला जावा याची सोय मीच करायला नको का? कधीपासून पाणी भरून बसतोय. तुम्ही दारापर्यंत येतच नाही!"

त्याने एकेकाचे पाय धुतले आणि उपरण्याने पुसले. एकेक जण आत गेला.

गावात गबाजी नावाचा एक आळशी माणूस होता. पाय धुऊन झाल्यावर तो आत जायचे सोडून परत चिखलाकडे वळला.

"कुठे रे?" राजाने विचारले.

"फुकट धुऊन मिळतंय, तर आणखी एकदा लोळून येतो म्हटलं. महाराजांना धुवायची हौस दिसतेय."

राजा हसला, पण त्याने गबाजीचा दंड धरून ठेवला. "पाय धुतले ते आत जाण्यासाठी, गबाजी. आत बाळं रांगतात." मग त्याने रिकामा हंडा त्याच्या हातात दिला. "आतल्या विहिरीचं पाणी आण. लोक अजून खूप आहेत."

गबाजी हंडा घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खाली बघून, जपून पाऊल टाकत होता. असे कर म्हणून कुणी त्याला सांगितले नव्हते.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा निर्मळराव आला. बांबूंवर तो दारापेक्षा उंच होता.

"दार उंच करा!" तो वरून म्हणाला.

"उतर," राजा म्हणाला.

"उतरू कुठे? खाली चिखल आहे!" खरेच होता. सगळ्या गावाच्या पायांचा चिखल दारापुढे साचला होता. "आणि मला धुण्याची गरज नाही. मी पाऊलसुद्धा खाली टेकवलेलं नाही."

"अहो, स्वतःच्या अंगाकडे बघा!" बायको आतून ओरडली. "पागोट्यापर्यंत बरबटलाय तुम्ही!"

निर्मळरावाने पहिल्यांदाच स्वतःकडे पाहिले. उपसलेल्या प्रत्येक पावलाचा चिखल त्याच्या अंगावर उडाला होता. स्वच्छ होते ते फक्त खुंटीवरचे दोन तळवे.

तरी त्याचे हात बांबूवरून सुटेनात. ते स्वच्छ तळवे ही एवढ्या वर्षांची कमाई होती. ती सोडून गबाजीसारखे पाय पुढे करायचे?

"अहो, मी एकटी आत काय करू?" बायकोचा आवाज रडवेला झाला होता. "उतरा ना!"

त्याने खाली पाहिले. राजाचे उपरणे काळे झाले होते. हात, गुडघे, पाय, सगळे चिखलाने भरले होते. गावात कुणीच इतके मळलेले नव्हते.

"महाराज," निर्मळराव हळूच म्हणाला, "नियमाप्रमाणे तुम्हीही बाहेर आहात."

"हो. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत बाहेरच."

"शेवटचा कोण राहिलाय?"

"तू."

निर्मळरावाने बांबू सोडले.

तो असा पडला की राजाच्या दाढीलाही चिखल लागला. राजा मोठ्याने हसला, त्याने त्याला उठवून बसवले आणि डोक्यापासून पायापर्यंत धुतले. निर्मळराव रडत होता, पण अंगावर पाणी इतके होते की ते कुणाला कळले नाही.

मग ज्याने म्हशीच्या दोरीला हात लावला नव्हता, त्याने तांब्या उचलला आणि राजाचे चिखलाने भरलेले पाय आपल्या हातांनी धुतले. सूर्य मावळला तेव्हा दोघे बरोबर आत गेले. नियम जरासुद्धा मोडला नाही.

ते बांबू अजून वाड्याच्या अंगणात आहेत. दोन्हींवर एक आडवी काठी टाकली आहे आणि तिच्यावर राजाचे उपरणे वाळते. ते रोज निर्मळराव धुतो. कुणाचेही पाय तपासायला आता त्याला वेळ नसतो.

तात्पर्य: देवाचे नियमशास्त्र आपल्याला चिखल दाखवते, ख्रिस्ताची कृपा तो धुते, आणि ज्याचे पाय धुतले गेले त्याला आज्ञा पाळणे ओझे वाटत नाही.