आपोआप आलेली इंग्रजी

बार्शीच्या वैजयंती खरात इंग्रजी शिकवायला म्हणून हनोईला आल्या, त्याला तीन महिने झाले होते. पाच शाळांनी नकार दिला होता, आणि दिवसदिवस बोलायला कुणी नसे. सहाव्या शाळेचे इंग्रज संचालक अर्ज न वाचताच बाजूला सारत म्हणाले, "आम्हाला इंग्रजी मातृभाषा असलेलेच शिक्षक हवेत."

बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही इंग्रजी कशी शिकलात?"

"शिकलो कुठे? आपोआप आली."

"मला एकेक शब्द अडखळत शिकावा लागला. तुमच्या विद्यार्थ्यांनाही तसाच शिकावा लागणार. ज्या वाटेने तुम्ही कधी गेलाच नाहीत, ती त्यांना कशी दाखवणार?"

संचालकांनी अर्ज जवळ ओढला आणि वाचला. "सोमवारपासून या."

खोलीवर येऊन बाईंनी ही बातमी मोठ्यांदा मराठीत सांगितली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी दोनदा सांगितली.