पाटीवरचा हजार

"आग विझवायला आत शिरलेल्या दादाने शेवटी कुणाला हाक मारली असेल?" जयराम भेटेल त्याला विचारायचा. घरात दोघेच भाऊ होते. आता तो एकटाच जेवायचा.

तेराव्यानंतर आग लागलेल्या काजूच्या कारखान्यात वीज निरीक्षक आले. मालक पडवळशेट सगळ्या कामगारांदेखत म्हणाले, "वाळवणखोलीत याच्या भावाने बारीक तार ओढली. हीटर तर हजार वॅटचाच, त्यावरची पाटी बघा ना. त्याचंच काम कच्चं!"

"खोटं!" जयराम उसळला.

"सहावी नापास तू. मला वीज शिकवतोस?"

जयराम दादाची हत्यारपेटी घेऊन शेजारच्या खोलीत घुसला; निरीक्षक आणि शेट मागोमाग आले. तिथे तसाच जुळा हीटर होता, पाटीही तीच. त्याने तो चालू करून मीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. मग वीज बंद करून फ्यूज उघडला, आत जाड तार होती.

"गुणाकार केला की वॅट, भागाकार केला की रोध, एवढंच दादाने शिकवलंय. हे तेवीसशे वॅट झाले, शेट. रोध तेवीस ओहम. हजाराच्या कॉइलचा त्रेपन्न असतो. काजू लवकर वाळावेत म्हणून मोठी कॉइल कुणी बसवली? फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार कुणी घातली?"

"पण पाटीवर हजारच..." शेट म्हणाले.

"पाटी वाचूनच दादाने तार निवडली. कॉइल बदललीत, तेव्हा पाटी बदलायला विसरलात."

निरीक्षकांनी दादाच्या नावावरचा दोष खोडला.

दादा प्रत्येक विजेच्या बोर्डाच्या झाकणामागे लाल पेन्सिलीने त्यावरचा भार, म्हणजे किती वॅट, ते लिहायचा. वाळवणखोलीबाहेरच्या काजळलेल्या झाकणामागे त्याचं "हजार वॅट" अजून दिसत होतं. जयरामने पेटीतली तीच पेन्सिल काढली, पुढे "पाटीप्रमाणे" असं लिहिलं आणि झाकण हलकेच लावलं.