बोडका शिरीष

"वैशाखात या ओट्यावर गार सावली हवी आणि पौषात इथंच कोवळं ऊन! ओटा हलवायचा नाही, मांडव घालायचा नाही, झाडाला कोयता लावायचा नाही. जमत नसेल, तर गाशा गुंडाळा!"

राजेसाहेबांचा हुकूम ऐकून म्हातारे माळीबुवा मटकन खालीच बसले. आधीच्या माळ्यानं तिथं आंबा लावला होता. उन्हाळा झकास गेला. हिवाळ्यात सरकार सावलीत काकडले, आणि आंब्यासकट माळीही गेला!

"आबा, शिरीष लावू," माळीबुवांची लेक कौतिक म्हणाली. पोरगी अशी भित्री, की सुकं पान पडलं तरी दचकायची. पण झाडांच्या बाबतीत कुणाला हार जायची नाही.

शिरीष भराभर वाढला. तोवरची थंडी सरकार सासुरवाडीला काढत. पुढं एका वैशाखात झाडानं अशी छत्री धरली, की सरकार जेवणही ओट्यावरच मागवू लागले. "यंदा पौषातही इथंच!" म्हणाले.

पौष आला. शाल लपेटून सरकार बागेत आले नि थबकले. झाडावर एक पान नाही! नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या.

"मेलं की हे!" दिवाणजी गरजले. "कुऱ्हाड आणा! आणि या बापलेकीचं बोचकं वेशीबाहेर टाका!"

कौतिक दचकली. त्यात शेंगा वाजल्या, तशी ती आणखी दचकली. तरी बोललीच, "सरकार, हुकूम जरूर द्या. पण ओट्यावर बसून द्या!"

सरकार फणकाऱ्यानं बसले. हुकमासाठी तोंड उघडलं, तर जांभई आली. पाय पसरले, शाल बाजूला सारली.

"हं... काय म्हणत होतो मी?"

"सरकार, शाल कुठंय?" कौतिकनं विचारलं.

"काढली! ऊन लागतंय ना!"

"म्हणजे पोचलं म्हणायचं!"

"अगं, पण झाड बोडकं झालं त्याचं काय?" दिवाणजी खेकसले.

"दिवाणजी, थंडी पडली की सरकारांचे सगळे चाकर पांघरुणं ओढून बसतात. हा एकटाच सरकारांना ऊन मिळावं म्हणून उघडा उभा राहतो, आणि तुम्ही त्यालाच कुऱ्हाड दाखवता! उन्हं तापू द्या, नवा अंगरखा घालून हजर होतो की नाही बघा!"

राजेसाहेब एवढ्या मोठ्यानं हसले, की कौतिक पुन्हा दचकली.

"आजपासून या बागेत तुझाच हुकूम! आणि ही शाल तुझ्या या इमानी चाकराला!"

"त्याला नको, सरकार. आबांना द्या. मघापासून कापताहेत."

"थंडीनं?"

"छे! दिवाणजींच्या कुऱ्हाडीनं!"

सरकार हसता हसता ओट्यावर आडवे झाले, आणि शाल दिवाणजींनाच आबांच्या खांद्यावर घालावी लागली.