निखाऱ्याची कमान

चिंचखोरीच्या माळावरचा इंग्रजी बंगला पाहिला की पाहुणे हमखास हसतात. लाल विटांच्या भिंती, उतरतं छप्पर, दोन धुराडी, सगळा थाट साहेबी. आणि नेमकी घराच्या पोटातून गावची पायवाट आरपार गेलेली. दिवाणखाना अलीकडे, जेवणघर पलीकडे, मधे उंच कमान. नकाशा काढणारा झोपेत होता काय, असं कुणी विचारलं, की राखणदार गेनूबाबा त्याला कमानीखाली बसवून घेतात. नकाशात ही कमान नव्हतीच, असे सांगतात.

साहेबाला म्हणे आपल्या मुलखासारखं विटांचं घर हवं होतं. विटांचं काम ठकूबाई कुंभारणीकडे आलं. नवऱ्यामागे भट्टी तीच चालवायची. गावचा रिवाज असा, की टेकडीवरच्या आईच्या देवळातून निखारा आणून भट्टी पेटवायची, आणि तो सरळ वाटेनेच आणायचा. वळसा घेतला तर भट्टी फसते. पहिल्या भट्टीच्या विटांनी भिंती कमरेइतक्या वर आल्या. दुसऱ्या भट्टीसाठी ठकूबाई मडक्यात निखारा घेऊन उतरली, तर वाटेत तिच्याच विटांची भिंत आडवी. आपल्याच हाताने वाट बुजली हे तिच्या ध्यानात आलं.

मुकादम म्हणाला, "बाई, बाजूनं जा की. कोन बघतंय?"

"आई बघती. सायबाला सांग, वाट दिल्याबिगर मी हलायची न्हाई."

ती तिथेच उभी राहिली. गावच्या बायका मडक्यात गोवऱ्यांचे तुकडे घालत, निखारा विझू देत नसत. साहेबही हट्टाला पेटला. त्याने काडी ओढून भट्टी लावली. विटा काढल्या तर म्हणे आतून कच्च्या, हातात घेताच भुगा. तोवर मडक्याच्या धगीने ठकूबाईचे तळवे भाजून निघाले होते, पण तिने मडकं खाली ठेवलं नाही.

ते तळवे पाहून साहेब भिंतीपाशी आला. मग त्याने स्वतः पहार घेऊन भिंत फोडली आणि अडखळत्या मराठीत म्हणाला, "या, ठकूबाई. वाट मोकळी आहे."

ती मागे न बघता भट्टीकडे गेली. त्या निखाऱ्यावर भाजलेल्या विटांचीच ही कमान. पुढे साहेब होता तोवर रोज, थंडीत कुडकुडत का होईना, ही वाट ओलांडून जेवायला जायचा म्हणे.

आजही गावात भट्टी लागायची असली की निखारा याच कमानीतून जातो. नेणारा कुणीही असो, बाप्या असो की नवी सून, कमानीपाशी येऊन थांबतो. गेनूबाबा उठतात, टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "या, ठकूबाई. वाट मोकळी आहे."