धूर दिसला की धान्य बंद

"ज्या घरावर धूर दिसेल, ते घर गरीब नाही. त्याचं धान्य बंद!"

चंडप्रताप राजाचा हा हुकूम निघाला आणि पाथरवट आळी पेचात पडली. सरकारी ज्वारी मिळाली की बायका भाकऱ्या भाजत. भाकऱ्या भाजल्या की धूर निघे. नरहरपंत कारभारी तो गच्चीवरून पाहत आणि धान्य थांबवत. मग आठ दिवस चुली थंड राहिल्या, की आळी पुन्हा गरीब ठरे!

"महाराज, आणखी चाळीस घरांची गरिबी हटली," पंत दरबारात सांगत. "वर्षात हजारावर घरं झाली!"

राजा खूश होई. आळीत घरं मुळात चाळीसच होती, हे सांगणार कोण?

शेवटी पाथरवटाची लेक गजरा दरबारात आली. धूर नको म्हणून तिच्या धाकट्या भावांनी ज्वारी कच्चीच खाल्ली होती आणि दोघं घरी कळवळत पडले होते.

"महाराज, धान्य देता, तर शिजवूही द्या की!"

"चूल पेटवायला सरपण आहे, मग गरिबी कसली?" पंत म्हणाले.

"पंत, तुम्ही ज्वारी कच्ची खाता?"

पंतांनी उपरणं सावरलं. राजा भडकला.

"फार बोलतेस! उद्या दुपारपर्यंत चाळीस घरांच्या भाकऱ्या भाज. कुठेही भाज, कुणी अडवणार नाही. पण आळीवर धुराची रेघ दिसली, तर धान्य कायमचं बंद! नाही दिसली, तर हुकूम मागे."

"कुठेही? शब्द दिलात?"

"राजाचा शब्द!"

दुसऱ्या दिवशी राजा आणि पंत गच्चीवर चढले. आळीवर आभाळ स्वच्छ!

"चुली थंड! हरली पोरगी," पंत म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. राजालाही लागला. धुराचे लोट राजवाड्याच्याच मुदपाकखान्यातून येत होते!

दोघं धावत खाली गेले. चाळीस बायका भाकऱ्या थापत होत्या आणि आचारी कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसला होता.

"ही लबाडी आहे!" पंत ओरडले.

"जागा महाराजांच्या शब्दातली आहे," पुढे येत गजरा म्हणाली. " आता नियम लावा, पंत. धूर कुणाच्या घरावर आहे?"

"म्हणजे... राजवाड्यावर..."

"मग महाराजांचं धान्य बंद करा! आठ दिवस चूल थंड ठेवली की तेही गरीब ठरतील. घाबरू नका महाराज, आम्ही वर्षभर हेच करतोय!"

राजाने पंतांकडे पाहिलं, गजराकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"हुकूम मागे! आळीला बारा महिने धान्य, आणि कोठाराच्या किल्ल्या आजपासून गजराकडे!"

"आणि मी, महाराज?" पंतांनी चाचरत विचारलं.

"तुम्ही ही फुंकणी घ्या आणि चुलीपाशी बसा. निम्म्या भाकऱ्या व्हायच्यात अजून!"