पाठ फिरवून केलेला मुजरा

फार मागे, राजे हत्तीवरून जत्रेला येत त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात दरवर्षी नदीच्या कोरड्या पात्रात जत्रा भरायची. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, काय सांगू तुम्हाला, काय ती जत्रा! ढोल, लेझीम, पाळणे, रेवड्या, कुस्त्या! आणि सगळ्यांत मोठी मौज म्हणजे राजाची स्वारी. स्वारी वाळूतून पुढे सरके आणि चोपदार एकेका मुलखाचं नाव खणखणीत पुकारी. ज्याचं नाव येई तो मुलूख मुजरा करी आणि कानठळ्या बसतील असा जल्लोष उठे.

एकाच मुलखाचं नाव कधी येत नसे. डोंगराआडच्या सावरखोऱ्याचं. सगळ्यात शेवटी चोपदार आवाज खाली आणून म्हणे, "आणि उरलेसुरले." ते उरलेसुरले म्हणजे सावरखोऱ्याची माणसं, सावरखोरे.

का म्हणाल, तर त्यांची बोली जरा वेगळी, पागोट्याची बांधणी जरा वेगळी आणि मुजरा तर पार उलटा. मानाचा पाहुणा आला की सावरखोरे क्षणभर त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. वैऱ्याकडे कुणी पाठ करतं का? ज्याच्यावर पुरता विश्वास, त्यालाच पाठ द्यायची, ही त्यांची रीत. पण समजून घेतो कोण! लोक त्यांना 'पाठमोरे' म्हणून चिडवत. "वेगळे कसले? आमच्यातलेच, फक्त बिघडलेले," असं म्हणत आणि खो खो हसत.

सावरखोऱ्याची कारभारीण होती ठकूबाई. बाई फटकळ, पण मनाची निर्मळ. त्या वर्षी जत्रेच्या सकाळी ती सरळ दिवाणापुढे जाऊन उभी राहिली.

"दिवाणजी, औंदा आमचं नाव पुकारा. माझी सासू ती हाक ऐकायची वाट बघत बघत गेली. मला तरी ऐकू द्या."

दिवाण गालात हसला. "पुकारू की! चारचौघांसारखा तोंड समोर करून मुजरा करा, लगेच पुकारू."

ठकूबाई परतली आणि तिनं दिवाणाची अट आपल्या माणसांना सांगितली. लगेच वाद पेटला. तरणी माणसं म्हणाली, "काकू, एक डाव करू की तसं. नाव तर मिळंल!"

ठकूबाईच्या मनात चलबिचल झाली, खोटं कशाला सांगू? ते नाव ऐकायला तिचा जीव तुटत होता. बराच वेळ ती वाळूत बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "आरं, रीत टाकून नाव घेतलं, तर ते नाव लावायचं कुणाला? आपून तर ऱ्हायलोच न्हाई."

आणि आली स्वारी! तुताऱ्या गरजल्या, गुलाल उधळला. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या राहिल्या. सावरखोऱ्यांना जागा मिळाली होती ती पार मागे, नदी वरून येते त्या अंगाला. चोपदार एकेक नाव पुकारत होता, जल्लोषावर जल्लोष उठत होता. हत्ती त्यांच्यासमोर आला. चोपदारानं दिवाणाकडे पाहिलं. दिवाणानं सावरखोऱ्यांकडे पाहिलं.

ठकूबाईनं डोळे मिटले आणि पाठ फिरवली. तिच्यामागोमाग सगळ्या सावरखोऱ्यानं पाठ फिरवली.

"उरलेसुरले!" चोपदार ओरडला. जत्रेत हशा पिकला. कुणी शीळ घातली, कुणी रेवड्या फेकून मारल्या. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डोळे उघडले, आणि तिचं पाणी डोळ्यांतच थिजलं.

दूर डोंगरात अवकाळी पाऊस कोसळून गेला होता. इथं जत्रेत लख्ख ऊन, कुणाला पत्ताच नाही! हजारो डोळे राजावर, आणि पाठीमागून पात्रातून गढूळ पाण्याचा लोंढा झाडंझुडपं घेऊन धावत येत होता.

"पूर आला! पळा!" सावरखोरे एकच ओरडले.

"बघा, आता नवीन नाटक!" लोक आणखी हसले. ढोलांपुढे ऐकू कुणाला येणार? ठकूबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. ती भालदारांच्या मधून घुसली, हत्तीच्या पुढ्यात उभी राहिली आणि हात उंच करून ओरडली, "महाराज, नदीच्या वरल्या अंगाला बघा! हत्ती घाटाकडं वळवा!"

राजानं मान वळवली. ढोल थांबले. मग काय पळापळ! पोरंबाळं खांद्यावर, म्हातारी माणसं पाठीवर, सगळी जत्रा घाटाच्या पायऱ्या चढत सुटली. मघाशी रेवड्या मारणाऱ्यांचे हात धरून सावरखोरे त्यांना वर ओढत होते. शेवटचा माणूस वर आला आणि लोंढा आला. पालं, पाळणे, छत्र, सगळं गेलं. माणूस एकही गेला नाही.

घाटावर राजा हत्तीवरून उतरून म्हणाला, "बाई, तुम्ही आमचे प्राण वाचवलेत. त्याचं बक्षीस म्हणून आजपासून तुमच्या मुलखाचं नाव पुकारलं जाईल!"

टाळ्या कडाडल्या. ठकूबाई मात्र हलली नाही.

"महाराज, आन् पूर आलाच नसता तर?"

टाळ्या विरल्या. राजानं मान खाली घातली. दिवाणाला तर कुठं बघावं कळेना.

"बक्षीस हा शब्द मी मागे घेतो," राजा म्हणाला. "नाव तुमचं तुमच्याजवळ होतंच. ते उच्चारायला आमची जीभ कचरली. चूक आमची. चोपदार, पुकार!"

चोपदारानं छाती फुगवली. "राजाचे प्राण वाचवणारे, पुरातून..."

"नुसतं नाव," राजा म्हणाला.

चोपदार थांबला. मग त्यानं सगळा दम गोळा केला आणि पुकारलं, "सावरखोरं!"

त्या दिवशी ठकूबाई लहान पोरीसारखी नाचली. नदीला अजून पूरच होता.

तात्पर्य: कुणाची ओळख मान्य करणं हे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत, ती ओळख त्याची आहे, एवढं कारण पुरेसं असतं.