हैबतीचं मशीन आणि गोडं पाणी

एका गावात एक भोळा जावई होता. गावाचं नाव आंबेखोल आणि जावयाचं नाव हैबती. नाव ऐकून माणसं दचकायची आणि माणूस बघून हसायची.

हैबती मूळचा घाटावरचा. त्याच्या गावची नदी चार महिने वाहायची, उरलेले आठ महिने तिच्यात लोक कलिंगडं लावायचे. लग्न झालं आणि तो खाडीकाठी सासुरवाडीलाच राहायला आला. त्याचे सासरे राघो तांडेल खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचे. पूर्वी वल्ही मारायचे, आता होडीच्या मागे मशीन लावलं होतं. दोरी ओढली की मशीन भडभडायचं, पाण्यातला पंखा फिरायचा आणि होडी दहा मिनिटांत पलीकडच्या वेळणे गावाला लागायची.

एक दिवस राघो तांडेलांच्या पायावर होडीचा लोखंडी नांगर पडला. पाय सुजून भोपळा झाला. इकडे धाकट्या लेकीचं, चांगुणाचं लग्न पंधरा दिवसांवर. वऱ्हाड वेळण्याहून येणार, म्हणजे तरीतूनच येणार.

तांडेलांनी खाटेवरून जावयाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

"जावईबापू, तर तुमच्या हाती देतो. मशीन अडलं तर स्वतःचं डोकं चालवू नका. इब्राहिम मिस्त्रींना विचारा. ते सांगतील तस्संच करा."

"तस्संच करतो, मामा."

हैबतीचा ऊर भरून आला. सासऱ्यांनी आजवर त्याच्या हाती विळासुद्धा दिला नव्हता.

पहिल्याच दिवशी मशीन खाडीच्या मध्यावर गेलं आणि गप्प झालं. हैबतीने दोरी ओढली. मशीन खोकलं नाही की शिंकलं नाही. उतारूंनीच वल्ही मारून होडी परत आणली. धक्क्यावर इब्राहिम मिस्त्रींचं दुकान होतं. मिस्त्री आले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू होता, तो त्यांनी फिरवला. फुस्स झालं. दोरी ओढली. मशीन सुरू!

"टाकीत हवा नको का जायला? हवा नाही, तर पेट्रोल उतरणार कसं? लक्षात ठेवा जावईबापू, मशीन बंद पडलं की झाकण सैल करायचं."

"झाकण सैल करायचं," हैबती म्हणाला आणि उपरण्याच्या टोकाला त्याने एक गाठ मारली. विसरायला नको.

दोन दिवसांनी मशीन गुरगुरलं, हिसका दिला आणि थांबलं. हैबतीने उपरण्याची गाठ चाचपली. टाकीचं झाकण सैल केलं. काही झालं नाही. मिस्त्रींनी कुठलं झाकण ते सांगितलं नव्हतं. मग त्याने होडीत बसलेल्या यमूआत्याच्या तेलाच्या डब्याचं झाकण सैल केलं. भागोजी दूधवाल्याच्या दोन्ही किटल्यांची झाकणं सैल केली. मास्तरांच्या डब्याचंसुद्धा केलं.

"अहो, हे काय करताय?" मास्तर म्हणाले.

"हवा जाऊ दे आत," हैबती म्हणाला.

तेवढ्यात लाट आली. यमूआत्याचं तेल, भागोजीचं दूध आणि मास्तरांची आमटी होडीच्या बुडाशी एकत्र झाली.

होडी पुन्हा वल्ह्यांनी धक्क्याला आली. मिस्त्रींनी पाण्यात वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पंख्याला फाटकं जाळं गुंतलंय! असं गुंतलेलं असलं की सुरी घ्यायची आणि कापून मोकळं व्हायचं. सोडवत बसायचं नाही."

"गुंतलेलं कापून टाकायचं." हैबतीने दुसरी गाठ मारली.

बुधवारी वेळण्याचा बाजार. होडी माणसांनी भरलेली आणि मशीन सुरूच होईना. हैबतीने खाली बघितलं. टाकीतून मशीनकडे जाणारी रबरी नळी पायाशी वेटोळं करून पडली होती.

"सापडलं!" हैबती म्हणाला. "गुंतलंय!"

कच्च. नळीचे दोन तुकडे झाले.

तरी मशीन सुरू होईना. मग त्याला आणखी एक गुंतलेलं दिसलं. होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला चांगले चार वेढे घालून गुंतला होता.

कच्च.

होडी हलली. ओहोटी लागली होती. "चालली, चालली!" हैबती ओरडला. होडी खरंच चालली. वेळण्याच्या बाजूला नाही, समुद्राच्या बाजूला चालली. पाऊण तासाने ती खारफुटीत जाऊन अडकली, आणि बाजाराला निघालेली माणसं चिखल तुडवत, हातात चपला घेऊन घरी आली.

मिस्त्रींनी नवी नळी बसवली. मग मशीनमधून बोटाएवढा प्लग काढून हैबतीच्या नाकासमोर धरला. "हा ओला झाला होता. एवढंच. ओलं झालं की काढायचं, फडक्याने पुसायचं, उन्हात सुकवायचं आणि परत बसवायचं. एवढ्यासाठी नळी कापतात?"

"ओलं झालं की काढायचं, पुसायचं, सुकवायचं." तिसरी गाठ.

त्या संध्याकाळी तांडेलांनी विचारलं, "जावईबापू, कसं काय चाललंय?"

"रोज नवीन शिकतोय, मामा."

तांडेलांनी भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे दोन दिवस मशीन झकास चाललं. इतकं झकास की हैबतीलाच शंका आली. तिसऱ्या दिवशी त्याने मागे वळून नीट बघितलं. मशीनच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत होती.

ओलं!

त्याने चालतं मशीन बंद केलं. झाकण काढलं. पाना घेऊन हाताला येईल ते सगळं काढलं. उपरण्याने एकेक भाग पुसला आणि एकेका उतारूच्या हातात दिला. "उन्हाकडे धरा. मिस्त्रींनी सांगितलंय." भर खाडीत बारा माणसं देवाला ओवाळावं तसे हात वर करून बसली. होडी परत आली तेव्हा अर्धं मशीन उतारूंच्या ओंजळीत होतं, आणि एक नट तेवढा यमूआत्याच्या चंचीत सुपारीबरोबर सापडला.

मिस्त्रींना जोडायला दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत. रागावण्याच्या पलीकडे गेले होते.

"जावईबापू, ती धार हवीच असते. पाणी आत फिरून मशीन गार करतं आणि बाहेर पडतं. धार दिसतेय तोवर निर्धास्त बसायचं. धार थांबली तर घाबरायचं. कळलं?"

"धार आहे तोवर निर्धास्त." चौथी गाठ. आता उपरण्याला टोक उरलं नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी बारा वाजून सात मिनिटांचा. हैबतीने नवा सदरा घातला आणि सकाळीच वेळण्याहून वऱ्हाड होडीत घेतलं. नवरदेव, त्याची आई, करवल्या आणि मधल्या फळीवर नवरदेवाचे दाजीमामा. मामा बसले तेव्हा फळी करकरली.

वेळण्याचा धक्का सोडताना होडीचं बूड खडकाला घासलं. दोन फळ्यांमधलं डांबर निघालं आणि पाण्याची बारीक धार कारंज्यासारखी आत उडाली.

"अहो, पाणी!" नवरदेवाची आई ओरडली.

हैबतीने बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "धार आहे ना? मग निर्धास्त बसा."

खाडीच्या मध्यावर पाणी घोट्यापर्यंत आलं. करवल्यांनी शालू वर धरले. "धार मोठी झालीय हो!"

"मग तर फारच छान," हैबती म्हणाला. "थांबली की सांगा. तेव्हा घाबरायचं आहे."

आंबेखोलचा धक्का हाकेवर आला तेव्हा होडी म्हशीसारखी पाण्यात बसली होती. धक्क्यावर वऱ्हाडाच्या स्वागताला उभे असलेले इब्राहिम मिस्त्री तोंडाशी हात धरून ओरडले, "जावईबापू! होडी हलकी करा! सगळ्यात जड काय असेल ते आधी बाहेर टाका!"

हैबतीने होडीभर नजर फिरवली. ती दाजीमामांवर थांबली.

"मामा, आपलं वजन किती?"

"ब्याण्णव किलो. का?"

"जरा उभे राहता का?"

मामांनी दोन्ही हातांनी फळी धरली. "अरे मेल्या, माणसं नाही टाकत, सामान टाकतात! सामान!"

हैबतीला ते पटलं. त्याने सामान बघितलं. आहेराच्या टोपल्या हलक्या होत्या. नवरदेवाची पेटी हलकी होती. सगळ्यात जड होतं मशीन. त्याने दोन्ही स्क्रू सैल केले, नळी ओढून काढली, मशीन कवेत घेतलं आणि डुबुक्!

होडी जागच्या जागी उभी राहिली. नशिबाने पाणी तिथे कमरेएवढंच होतं. वऱ्हाड चिखलातून चालत मांडवात गेलं. मशीन मिस्त्रींनी दोराने ओढून काढलं. त्यांनाही मांडवात पोचायचं होतं आणि त्यांची लुंगी भिजली होती. घराकडे पळता पळता ते म्हणाले, "आता एक काम तरी धड करा! खारं पाणी आत राहिलं तर मशीन कायमचं गेलं. ताबडतोब गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. भरपूर गोडं पाणी, पूर्ण बुडेल इतकं!"

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांचं मशीन! त्याने ते खांद्यावर घेतलं आणि धावला. विहीर वाटेतच होती. तो थांबला, पोहऱ्याने पाणी काढलं, चाखलं. ते गोड नव्हतं. साधं पाणी होतं. त्याच्या गावाकडे मिळायचं तसलंच. तो पुढे धावला.

मांडवामागे आचारी भाताच्या हंड्याशी घामाघूम झाला होता.

"आचारी, इथं गोडं पाणी कुठं मिळेल? भरपूर पाहिजे."

आचाऱ्याने मान वर न करता झाऱ्याने दाखवलं. "ते काय, त्या मोठ्या पातेल्यात. पाच किलो साखर आहे."

मांडवात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. उन्हातून आणि चिखलातून आलेलं वऱ्हाड तहानेने व्याकूळ झालं होतं. काठी टेकत राघो तांडेल स्वतः सरबत आणायला मांडवामागे आले. कोरडी लुंगी नेसून मिस्त्रीही आले.

दोनशे माणसांच्या कोकम सरबतात मशीन पंख्यापर्यंत बुडालं होतं. वर तेलाचे रंगीत तवंग तरंगत होते. हैबती बाही वर करून पळीने मशीनवर सरबत ओतत होता.

"जावईबापू," तांडेल कसेबसे म्हणाले, "हे काय?"

"काळजी करू नका, मामा," हैबती म्हणाला. "मिस्त्रींनी सांगितलं तस्संच केलंय. आधी चाखून बघितलं. जरा आंबट लागलं, म्हणून आणखी तीन किलो साखर घातली."